पाणी जायचं कुठं? : समुद्राकाठची वस्ती आखताना

(मालेगाव, जि. वाशिम येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते स्थापत्य अभियंता असून मूळचे याच भागातले आहेत.)



संयोजकांनी फोनवर विषय सांगितला, "समुद्राकाठी नवी वसाहत कशी आखतात ते सांगा." मी म्हटलं, भाई, मालेगावात? आपल्या गावाचं नाव घेतलं की समोरचा विचारतो, "लूमवालं मालेगाव का?" ते नाशिक जिल्ह्यातलं, आमचं वाशिमचं, हे सांगण्यातच आपलं निम्मं आयुष्य जातं. समुद्र इथून पाचशेहून जास्त किलोमीटरवर. पण मघाशी मी विचारलं की तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरचं माणूस पनवेल, तळोजा, उलवे, मुंब्रा भागात राहतं किंवा कामाला आहे, तेव्हा अर्ध्याहून जास्त हात वर झाले. कुणाचा भाऊ साइटवर सुपरवायझर, कुणाचे चाचा सेंट्रिंगच्या कामावर, कुणी आठ-दहा लाख जमवून तिकडं फ्लॅट बुक केलेला. आता समृद्धी महामार्गाने ते अंतर अजून कमी झालंय. म्हणजे विषय आपल्या घरातलाच निघाला.

दुसरं असं की पाण्याच्या बाबतीत आपला जिल्हा मोठा गमतीचा आहे. आपल्या तालुक्यातून जाणारी काटेपूर्णा पुढं पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. तिकडं रिसोडकडून जाणारी पैनगंगा वर्धा, प्राणहिता असं करत गोदावरीत जाते आणि थेट बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. पाणी कुणीकडं वळणार हे जमिनीच्या चार बोटांच्या उतारावर ठरतं. आज मी जे सांगणार आहे ते सगळं या चार बोटांभोवतीच फिरतं.

उदाहरण घेऊ नवी मुंबईचं. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात एक प्रस्ताव मांडला. मुंबई उत्तरेकडं लांबतच चालली आहे, तिला खाडीपलीकडं, पूर्वेला जोडशहर द्या, असा तो प्रस्ताव. यातले पहिले दोघे वास्तुविशारद. शिरीष पटेल मात्र आपल्यासारखे सिव्हिल इंजिनियर, केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांनीच डिझाइन केला होता. डिप्लोमा करणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण आपली समजूत अशी की शहर आखतात ते कुणी दुसरे आणि इंजिनियर नुसता कॉलम-बीमचा हिशोब करतो. सरकारने प्रस्ताव स्वीकारला, मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पटेल तिथं पहिली काही वर्षं नियोजनाचं काम बघत होते. ठाणे-रायगडमधली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी ठरली.

ही जमीन होती कशी? एका बाजूला पारसिकचे डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची आणि पनवेलची खाडी, आणि मधल्या पट्ट्यात भातखाचरं, मिठागरं, तिवरांची दलदल. या पट्ट्यातली बरीच जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली.

आता भरती म्हणजे काय ते आकड्यांत बघू, कारण आपण ती रोज बघत नाही. साधारण साडेबारा तासांनी एक अशी दिवसात दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास येते ती उधाणाची, अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची, भांगाची भरती लहान असते. मुंबईत उधाणाची सरासरी भरती बंदराच्या मोजणीत सुमारे ४.४ मीटर, आणि त्याच दिवसांतली ओहोटी पाऊण मीटर. म्हणजे सहा तासांत पाण्याची पातळी साडेतीन मीटरहून जास्त वर-खाली होते, एका मजल्याहून जास्त. ही मोजणी शून्यापासून होते तो शून्य बंदराच्या नकाशाचा. सर्वेक्षणात आपण जो समुद्रसपाटीचा शून्य धरतो तो तिथून सुमारे अडीच मीटर वर आहे. नवख्या पोरांचे घोळ इथंच होतात. एका ड्रॉइंगवर एक शून्य, दुसऱ्यावर दुसरा, आणि गटार अडीच मीटर चुकतं. हसू नका, मी स्वतः पहिल्या वर्षी ही चूक केलेली आहे. माझ्या सीनियरने कागद परत करताना एवढंच विचारलं, "हे गटार समुद्रातून वस्तीकडं आणतोयस का?"

तर अशा जमिनीवर वसाहत उभी करायची तर इंजिनियरपुढं दोन रस्ते. पहिला सरळ. सगळी जमीन भराव घालून सगळ्यात मोठ्या भरतीच्या वर न्यायची. सरळ, पण महाग. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमीन तीन मीटर उचलायची तर ३०,००० घनमीटर मुरूम लागतो. हायवामध्ये १५ घनमीटर धरा, तर दोन हजार फेऱ्या, त्याही एका हेक्टरला. तो मुरूम येतो कुठून? जवळच्या डोंगरातून. म्हणजे खाडी भरण्यासाठी डोंगर खायचा.

दुसरा रस्ता म्हणजे जमीन फार उचलायची नाही. खाडीच्या बाजूने बांध घालायचा, आणि आत पावसाचं पाणी थांबायला मोठी तळी ठेवायची. सिडकोने नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी हा रस्ता घेतला. या तळ्यांना तिकडं 'होल्डिंग पाँड' म्हणतात, मी धारण तलाव म्हणतो. वसाहतीतली गटारं या तलावात येतात. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये दारं असतात, वरच्या बाजूला बिजागरी असलेली लोंबती झडप. खाडीचं पाणी वर चढलं की त्याच्या दाबाने झडप बंद होते, ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. मोटर नाही, माणूस नाही, वीज नाही. पाणीच दार लावतं आणि पाणीच उघडतं.

पुस्तकांत याला डच पद्धत म्हणतात, कारण हॉलंडमध्ये समुद्रसपाटीखालच्या जमिनी अशाच राखल्या आहेत. मीही कॉलेजात तसंच शिकलो. मग रायगडात काम करताना एका म्हाताऱ्या आगरी शेतकऱ्याने मला त्याच्या खारभूमीचा बांध दाखवला. बांधात लाकडी दार होतं, भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं. त्याला ते 'उघाडी' म्हणतात. गोव्यात खाजन शेतीत याच दाराला 'मानस' म्हणतात. पिढ्यानपिढ्या या लोकांनी समुद्राला बाहेर ठेवून आत भात पिकवला होता. ज्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या त्यांना हे तंत्र आपल्या कुठल्याही इंजिनियरच्या आधीपासून येत होतं. आमच्या अभ्यासक्रमात त्याचा एक शब्द नव्हता. मला त्या दिवशी जरा लाजच वाटली.

आता तलाव केवढा लागतो? हा हिशोब आपण इथंच करू, दहावीच्या गणिताचा आहे. समजा १०० हेक्टरची वसाहत. भर पावसाळा, उधाणाचा दिवस, चार तास दार बंद राहिलं आणि त्या चार तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. कोकणात ही काही नवलाची गोष्ट नाही. रस्ते, छपरं, फरशा यांमुळं त्यातलं ८० टक्के पाणी वाहून तलावाकडं येणार. १०० हेक्टर म्हणजे दहा लाख चौरस मीटर, गुणिले ०.१ मीटर, गुणिले ०.८. उत्तर ८०,००० घनमीटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर आठ हजार टँकर पाणी. तलावात वापरायला मिळणारी खोली दोन मीटर असेल तर क्षेत्रफळ लागतं चार हेक्टर, म्हणजे दहा एकर.

खाडीकाठची दहा एकर जागा! तिथं आज एकेका एकराचा भाव काय असेल याचा विचार करा. कागदावर ती जागा रिकामी दिसते. वर्षाचे आठ महिने तिथं बगळ्यांशिवाय कुणी नसतं. त्यामुळं जो तो तिच्याकडं बघतो. कुणाला तिथं उद्यान हवं, कुणाला पार्किंग, कुणाला अजून चार टॉवर. तुम्ही उद्या नगरसेवक झालात, नगररचना कार्यालयात लागलात किंवा सोसायटीच्या कमिटीवर गेलात, तरी हा प्रश्न तुमच्यापुढं येणार. ती जागा रिकामी नाही. वर्षातले आठ-दहा दिवस तिचं काम असतं, आणि त्या दिवशी ती नसेल तर तेच आठ हजार टँकर तळमजल्यावरच्या घरांत जातात.

२६ जुलै २००५ आठवतो का? तुम्ही लहान होतात, काही जण जन्मलेही नसतील. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडं जवळपास अख्ख्या वर्षात पडतो तेवढा. त्याच दिवशी भरतीही ४.४८ मीटरची होती. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाची, तीही ओहोटी असताना. ती वाढवून ५० मिलिमीटर करावी असं 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने १९९३ मध्येच सांगितलं होतं. अहवाल आला, फायलीत गेला, बारा वर्षांनी पाऊस आला. त्या दिवशीचा पाऊस ५० च्या हिशोबालाही आवरला नसता हे खरं. पण पाणी साचणं आणि माणसं बुडणं यांच्यामध्ये जो फरक असतो, तो अशा कामांनी पडतो.

नवी मुंबईच्या तलावांचीही एक गुंतागुंत सांगतो, कारण भाषणात सगळं सोपं करून सांगायची मला सवय नाही. भरतीबरोबर गाळ येतो. झडपा गंजतात, नीट मिटत नाहीत, मग गाळ आत येतो. गाळात तिवरं उगवतात. अनेक तलाव असे गाळाने आणि तिवरांनी भरत गेले आणि त्यांची पाणी धरायची ताकद कमी झाली. मग काढा ना गाळ! पण तिवरं तोडायला बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि मग सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पक्की केली, आणि ती योग्यच आहे. तिवरं लाटांचा जोर मोडतात, किनारा धरून ठेवतात, माशांची पिल्लं तिथंच वाढतात. आता बांधाबाहेरचं तिवर आणि तलावातलं तिवर यांत फरक करायचा का, कसा करायचा, परवानगी कुणी द्यायची, यात वर्षं जातात. माझं मत विचाराल तर तलावात तिवरं उगवली हा तिवरांचा दोष नाही, दरवर्षी मे महिन्यात झडप आणि गाळ न बघणाऱ्यांचा आहे. शेततळ्याचा गाळ एक वर्ष नाही काढला तर काय होतं हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. वसाहतीची पातळी ठरते तेव्हा फक्त तिचीच पातळी ठरत नाही. शेजारी जुनं गाव असतं. गाव तीनशे वर्षांपूर्वी बसलं तेव्हा लोकांनी आजूबाजूपेक्षा उंच जागा बघूनच घरं बांधली होती. भोवती भातखाचरं, पाणी तिकडं उतरायचं. मग सेक्टर आले, भोवतालची खाचरं दीड-दोन मीटर भरली गेली, त्यावर रस्ता झाला, आणि जे गाव कालपर्यंत उंचावर होतं ते आज बशीत बसलं. त्याच्या घरात आता सेक्टरचं पाणी येतं. उरण आणि पनवेल पट्ट्यातल्या कितीतरी गावांची पावसाळ्यातली तक्रार हीच आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, मोठा भराव झाला. त्यानंतर शेजारच्या डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरायला लागलं आणि गावकऱ्यांना पुनर्वसनासाठी आंदोलन करावं लागलं.

या लोकांनी जमिनी सहज दिलेल्या नाहीत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण ठार झाले. पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या रक्तावर. या गावांत आगरी आहेत, कोळी आहेत, कराडी आहेत, आणि तळोजा, पनवेल, उरण भागात आपले कोकणी मुसलमानही पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांच्या मशिदी, त्यांची कब्रस्तानं त्याच जुन्या पातळीवर. नकाशावर गावठाणाला एक ठिपक्यांची रेघ असते, आणि अनेक ड्रॉइंगवर त्या रेघेच्या आत एकही लेव्हल लिहिलेली नसते. आत कोरं. मी पाहिलेल्या एका लेआउटमध्ये वसाहतीचं गटार रेघेपर्यंत नीट आणलं होतं आणि तिथं बाण काढून लिहिलं होतं, 'एक्झिस्टिंग नाला'. तो नाला गावातल्या उर्दू शाळेच्या मागून जात होता आणि तीन फूट रुंद होता. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "ते आपल्या स्कोपमध्ये नाही."

आपल्याकडं काय वेगळं आहे? वाशिम, रिसोड, मंगरूळ, कुठंही जा. नाल्याकाठी, सखल भागात वस्ती कुणाची असते? आपली, दलितांची, भटक्यांची. शहराचा नवा रस्ता एक फूट उंच होतो, मग दुसऱ्यांदा डांबर पडतं, अजून सहा इंच, आणि उंबऱ्याच्या आत पाणी येतं. समुद्र नसतानाही हाच खेळ. म्हणून म्हणतो, लेव्हल वाचायला शिका. ऑटो लेव्हल भाड्याने मिळते, दोन पोरं एका सकाळी मोहल्ल्याच्या सगळ्या उंबऱ्यांच्या आणि गटारांच्या पातळ्या काढू शकतात. नगरपंचायतीत निवेदन देताना "पाणी येतं हो साहेब" म्हणण्यापेक्षा "गटाराचा तळ उंबऱ्यापेक्षा २२ सेंटीमीटर वर आहे" असं लिहिलं तर कागदाचं वजन बदलतं. मी हे केलेलं आहे आणि गटार फोडून परत बांधलेलं पाहिलेलं आहे.

पाण्यानंतर माती. थोडक्यात सांगतो. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माझे वालिद गवंडी होते, ते पाया खोदताना काळी संपून मुरूम लागेपर्यंत थांबायचे नाहीत. खाडीकाठची चिकणमाती वेगळी. ती फुगत नाही, ती बसते. लोण्यासारखी मऊ, पाण्याने गच्च भरलेली, काही ठिकाणी कितीतरी मीटर खोल. तिच्यावर भराव टाकला की आतलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन खाली जाते, वर्षानुवर्षं. हे किती आणि किती वेळात होईल याचं गणित कार्ल टर्झागी यांनी १९२५ मध्ये मांडलं. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाण्याला बाहेर पडायला जेवढं अंतर जावं लागतं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर निम्मं केलं तर वेळ पाव. एक-दशांश केलं तर शंभरावा भाग. म्हणून मातीत उभ्या पट्ट्या खुपसतात, दिव्याच्या वातीसारख्या, दीड-एक मीटरवर एक, आणि वर जादा मातीचा ढीग ठेवतात. पाणी त्या वातींतून वर येतं. जे बसायला दशकं लागली असती ते काही महिन्यांत बसतं. मग ढीग काढायचा आणि काम सुरू करायचं.

काही महिने थांबायचं! इथंच घोडं अडतं. बँकेचं व्याज चालू असतं, बुकिंग झालेलं असतं. मग इमारत पाइलवर घेतात, पाइल खालच्या खडकात टेकवतात, इमारत हलत नाही. पण भोवतालचा रस्ता, अंगण, पाण्याची लाइन, गटार हे सगळं न बसलेल्या मातीवर. पाच वर्षांनी इमारतीच्या पायरीपाशी वीतभर खड्डा दिसतो. तो डोळ्याला दिसतो म्हणून लोक सिमेंट लावून बुजवतात. जमिनीखालच्या गटाराचा उतार मात्र उलटा झालेला असतो, तो कुणाला दिसत नाही. म्हणजे फिरून परत पाण्यापाशीच आलो.

दुबईच्या पाम जुमेराहबद्दल तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. आपल्यातले कितीतरी लोक गल्फमध्ये अशा साइटवर राबलेत. तिथं समुद्रातली वाळू उपसून बेट केलं आणि लाटा अडवायला भोवती गोल बांध घातला. बांधाने लाटा अडल्या पण आतलं पाणी खेळेना, म्हणून बांधात फटी ठेवाव्या लागल्या. एवढा पैसा, एवढी यंत्रं, तरी पाण्याला यायला-जायला वाट द्यावीच लागली.

शेवटचं, काँक्रीट. खाऱ्या हवेतला क्षार हळूहळू काँक्रीटमधून आत शिरतो आणि सळईपर्यंत पोचला की सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं, त्याला जागा लागते, म्हणून ते काँक्रीट फोडतं. स्लॅबचा पापुद्रा खाली येतो. आयएस ४५६ या आपल्या मानकात याचं कोष्टक आहे. आपल्याकडं घराच्या आतल्या सुरक्षित भागाला सळईवर २० मिलिमीटर आवरण चालतं. समुद्राकाठच्या हवेत किमान ४५, काँक्रीट एम-३०. लाटांचे तुषार थेट उडत असतील तर ५० आणि एम-३५. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ आणि एम-४०. खारं पाणी काँक्रीट कालवायला वापरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं.

हे ४५ मिलिमीटर कोण राखतं? डिझायनर एसी ऑफिसात आकडा लिहितो. प्रत्यक्षात सळईखाली सिमेंटचा छोटा ठोकळा, कव्हर ब्लॉक, ठेवतो तो सेंट्रिंगवरचा मुलगा, पंधरा-सोळा मजले वर, उन्हात. माझ्या एका साइटवर ब्लॉक संपले होते. स्लॅबचं काँक्रीट संध्याकाळी यायचं होतं. मुकादम म्हणाला, खडी ठेवा. एक पोरगा, आपल्याच कारंज्याकडचा, वय वीस असेल, म्हणाला, "खडी वीसची आहे, साहेब. पंचेचाळीस कसं येणार?" त्याला बारावीतून शिक्षण सोडावं लागलं होतं. मी काँक्रीट थांबवलं, वरून शिव्या खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी ब्लॉक आले. खरं सांगायचं तर त्याने विचारलं नसतं तर मी बघितलं असतं का, याची मला खात्री नाही. त्या दिवशी मी लिफ्टच्या भानगडीत होतो. वाशीतल्या जुन्या सरकारी वसाहतींत स्लॅबचे तुकडे पडल्याच्या बातम्या इतकी वर्षं येतात, तेव्हा मला तो पोरगा आठवतो.

आणि जिथं कुणी डिझायनरच नसतो तिथलं तर विचारूच नका. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली. ७४ माणसं गेली. वर मजले चढत होते आणि खाली मजूर बायकामुलांसह राहत होते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती मुस्लिम कुटुंबं मुंब्र्यात आली हे तुम्हाला माहीत आहे. घाबरलेल्या माणसाला घर हवं असतं, तो प्लॅन मागत नाही. स्वस्त आणि लवकर देणारा बिल्डर अशा वेळी बरोबर हजर असतो.

म्हणून घरच्यांनी तिकडं फ्लॅट घ्यायचं काढलं की पैसे देण्याआधी काही गोष्टी विचारा. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून मंजूर नकाशे बघा. जागा खाडीकाठी असेल तर सीआरझेडची रेघ कुठून जाते ते विचारा. २०११ च्या नियमांत खाडीकाठी भरतीरेषेपासून १०० मीटरचा पट्टा होता, जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने तो ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढा केला. पट्टा कागदावर आखडला, भरती काही आखडलेली नाही. जमिनीचा भराव कधी टाकला, तो बसवला होता का, हे विचारा. सेल्सवाल्याला माहीत नसेल, साइट इंजिनियरला गाठा, आपला माणूस कुणीतरी तिथं असतोच. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, हे रेरा कायद्यात लिहिलेलं आहे. ताब्याची तारीख जपून ठेवा.

आणि जागा बघायला डिसेंबरच्या सुट्टीत जाऊ नका. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरतीचे तक्ते छापते, पावसाळ्यात पेपरातही उधाणाच्या तारखा येतात. जुलैमधली साडेचार मीटरच्या वरची एखादी तारीख धरा, भरतीच्या तासाभर आधी तिथं पोचा, चप्पल हातात घ्या आणि सोसायटीच्या गेटपासून शेजारच्या गावठाणापर्यंत चालत जा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, "चाचा, पाणी कुठवर येतं?" तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

आता तुमचे प्रश्न. आणि मघाशी ऑटो लेव्हलबद्दल विचारणारी ती दोघं कुठं आहेत? पुढं या.